आखडलेली थंडी आणि आपला गहू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निफाड तालुक्यातला. घरची शेती आहे आणि थोडा का होईना, गहू दरवर्षी असतोच. कृषी पदवी घेतली म्हणून गावातले, नात्यातले आणि फोनवरच ओळख झालेले कितीतरी लोक ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत गव्हाबद्दल विचारत राहतात. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "बी कोणतं घेऊ?" आता असतो, "हे ऊन काय करील?" तेच ते प्रश्न इथे एकत्र केलेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या बागायती गव्हासाठी आहेत. दुसऱ्या राज्याची गोष्ट असेल तिथे तसं सांगितलंय.

१. गव्हाला थंडीच का लागते? पाणी दिलं की पुरे नाही का?

पुरत नाही. उगवणीला आणि वाढीला गव्हाला साधारण ७ ते २१ अंश तापमान मानवतं, दाणे भरताना २५ अंशांच्या आसपास. गव्हाचं रोप रोजची ऊब साठवत जातं आणि ठरावीक ऊब जमली की पुढच्या अवस्थेत जातं. थंडी असली की हा साठा हळू होतो. रोपाला फुटवे काढायला, मुळं खाली न्यायला, ओंबी भरायला वेळ मिळतो. हवा उबदार असली की तेवढीच ऊब कमी दिवसांत जमते, मग रोप दोन-तीन फुटव्यांवरच कांडी धरतं, म्हणजे उंच वाढायला लागतं, आणि लवकर निसवतं, म्हणजे ओंबी बाहेर काढतं. शेत हिरवंगार दिसतं, पण ओंब्या मोजायला गेलं की कमी भरतात.

युरोपातल्या हिवाळी गव्हाला कित्येक आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय वेळेवर फुलोरा येत नाही. आपल्या वाणांना इतक्या कडक थंडीची गरज नसते. आपल्या गव्हाला थंडी हवी असते ती वेळ मिळण्यासाठी.

२. थंडी तर आजही पडते. मग हवामान बदलाने आमच्या शिवारात नेमकं काय बदललं?

थंडी पडते, पण दोन्ही टोकांनी आखडली आहे. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि खालची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

पुढच्या टोकाला परतीचा पाऊस रेंगाळतो. सोयाबीन, मका काढायला उशीर होतो, रान ओलं राहतं, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येत नाही आणि पेरणी पुढे जाते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात पुराने रानं खरवडून नेली, तिथे तर रब्बीचं रान तयार करण्यापासूनच सुरुवात होती. मागच्या टोकाला फेब्रुवारीतच ऊन चटके देऊ लागतं. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३ चा फेब्रुवारी दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात सर्वात तापलेला होता. दोनच वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीने दिवस-रात्र मिळून सरासरी तापमानाचा उच्चांक केला.

म्हणजे गहू पेरायचा उशिरा आणि पिकायचा लवकर. मधले दिवस कमी झाले, ते दाण्यातून जातात.

३. फेब्रुवारीत चार-सहा दिवस ऊन तापलं तर एवढं काय बिघडतं? पीक तर उभंच असतं.

उभं असतं, म्हणूनच नुकसान दिसत नाही. निसवल्यानंतर परागीभवन होतं, मग दाण्यात पाण्यासारखा चीक येतो, चीक घट्ट होत हुरड्याची अवस्था येते आणि शेवटी दाणा टणक होतो. निसवून पंधरा-वीस दिवस झालेली एक ओंबी तोडून दाणा नखाने दाबून पाहा. दुधासारखा थेंब आला तर पीक सर्वात नाजूक जागी आहे असं समजा. अशा वेळी पारा ३२-३५ अंशांवर गेला की पानं लवकर पिवळी पडतात, दाण्यात पिष्ट भरण्याचं काम आवरतं होतं आणि चीक असतानाच दाणा सुकायला लागतो. फुलोऱ्यातच उष्णता आली तर पराग वांझ होतो आणि ओंबीत काही जागा मोकळ्याच राहतात.

रात्र उबदार असली तर आणखी एक खर्च वाढतो. दिवसभर पानांनी तयार केलेलं अन्न रात्री रोपाच्या श्वसनातच जास्त खपतं. म्हणून दिवसाच्या उन्हाइतकंच रात्रीच्या किमान तापमानाकडे लक्ष ठेवा. बातम्यांत ते शेवटी सांगतात, पण गव्हाला ते फार लागतं.

घरच्या घरी तपासायचं असेल तर मळणीनंतर १००० दाणे मोजून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. आपल्याकडच्या चांगल्या भरलेल्या सरबती गव्हाचे १००० दाणे ४० ग्रॅमच्या आसपास भरतात. ३० च्या खाली आले तर दाणा बारीक राहिला. मी दर वर्षी हे वजन वहीत लिहितो. पोत्यांच्या हिशोबात जे लपतं ते या एका आकड्यात दिसतं.

जगाचा हिशोब हवा असेल तर २०१५ साली शास्त्रज्ञांनी संगणकावरची तीस वेगवेगळी पीक-प्रारूपं एकत्र तपासली. जागतिक तापमान एका अंशाने वाढलं तर गव्हाचं उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटेल, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

४. २०२२ साली मार्चमध्ये काय झालं होतं? सगळे त्याचं उदाहरण का देतात?

कारण त्या वर्षी शेतातली उष्णता थेट आंतरराष्ट्रीय बाजारापर्यंत पोहोचली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा तो सर्वात उष्ण मार्च होता. पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेशात त्या वेळी गहू चिकात होता. दाणे आक्रसले. खरेदी केंद्रांवर आक्रसलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्के असते, ती पंजाब-हरियाणासाठी १८ टक्क्यांपर्यंत वाढवावी लागली. हा आकडाच पिकाची अवस्था सांगतो. फेब्रुवारीत १,११३ लाख टन उत्पादनाचा अंदाज होता, तो शेवटी १,०७७ लाख टनांवर आला. युक्रेन युद्धामुळे जगात भाव चढले होते, व्यापारी हमीभावापेक्षा जास्त देत होते. त्यामुळे सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर घसरली आणि १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात थांबवली गेली. हवामानशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने नंतर हिशोब मांडला, तो असा: हवामान बदलामुळे अशा उष्णतेची शक्यता सुमारे ३० पट वाढली आहे.

आपल्याकडे वेळेवर पेरलेला गहू मार्चच्या मध्यापर्यंत पिकून जातो. त्यामुळे पंजाबला जो धोका मार्चमध्ये आहे तो आपल्याला फेब्रुवारीत आहे. दिल्लीच्या बातम्या पाहून "अजून महिना आहे" असं समजू नका.

५. दरवर्षी गव्हाचं विक्रमी उत्पादन झालं असंही ऐकतो. मग फटका कुठे आहे?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०२३ चा फेब्रुवारी तापला, पण मार्चमध्ये उत्तरेत हवा थंडावली आणि ते वर्ष सावरलं. २०२४-२५ चा अंतिम सरकारी अंदाज तर १,१७९ लाख टनांचा आहे. उष्णता सोसणारी नवी वाणं, उत्तरेतली लवकर पेरणी आणि वाढलेलं क्षेत्र यांमुळे एकूण आकडा चढतो. पण ही देशाची बेरीज आहे. पंजाबात कूपनलिकांचं आणि कालव्याचं खात्रीचं पाणी आणि जवळजवळ पाच महिन्यांचा हंगाम मिळतो. आपल्याकडे विहिरीचं पाणी आणि जेमतेम चार महिने. महाराष्ट्राची हेक्टरी सरासरी आधीच देशाच्या सरासरीपेक्षा खूप खाली आहे, म्हणून ऊन तापलं की आपल्याला ते आधी आणि जास्त जाणवतं.

६. सोयाबीन निघायला उशीर झाला. गहू कधीपर्यंत पेरला तर परवडेल?

बागायती वेळेवर पेरणी १ ते १५ नोव्हेंबर. उशिराची पेरणी १५ डिसेंबरपर्यंत, त्यानंतर गहू पेरू नये. १५ नोव्हेंबरनंतर उशीर झालेल्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल उत्पादन घटतं, असं राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस सांगते. फेब्रुवारी तापला तर घट याहून जास्त दिसते, हा माझा अनुभव.

उशीर झाल्यावर बियाणं वाढवा: वेळेवरच्या पेरणीला एकरी ४० किलो, उशिराच्या पेरणीला ५० किलो. फुटवे कमी येणार हे धरूनच रोपांची संख्या वाढवायची. दोन ओळींतलं अंतर २० सेंटीमीटरवरून १८ वर आणा. वाण बदलणं सगळ्यात गरजेचं, त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

एक चूक वारंवार पाहतो. उशीर झाला म्हणून लोक वाफसा यायच्या आधीच ओल्या रानात रोटाव्हेटर घालतात. ढेकळं भाजल्यासारखी कडक होतात आणि उगवण निम्मी होते. तीन दिवस थांबलेलं बरं. सोयाबीनच्या रानात ओल चांगली असेल तर नांगरणी टाळून थेट पेरणी यंत्राने पेरलेला गहू मी पाहिलाय, त्यात सात-आठ दिवस वाचतात. तण मात्र आधी आवरलेलं हवं.

७. मग ऑक्टोबरमध्येच पेरून टाकला तर फेब्रुवारीचं ऊन चुकेल ना?

उत्तरेत हा मार्ग चालतोय. तिथे ऑक्टोबरअखेर पेरणीसाठी वेगळी वाणंही आली आहेत. आपल्याकडे ऑक्टोबर स्वतःच तापलेला असतो. बागायती गहू त्या उन्हात पेरला की प्रश्न १ मध्ये सांगितलं तेच घडतं: ऊब भराभर जमते, फुटवे कमी, निसवणं लवकर, शिवाय वाळवी लागते. जिरायती गव्हासाठी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा योग्य, कारण तिथे जमिनीतली ओल वाचवायची असते. बागायतीत नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरा. वाफसा आणि बियाणं तयार असेल तर १५ तारखेची वाट पाहू नका.

८. ऊन सोसणारं वाण कोणतं?

असं एकच वाण सांगणारा माणूस विक्रेता असतो. पेरणीच्या तारखेनुसार आणि पाण्यानुसार वाण निवडा.

निफाडच्या गहू संशोधन केंद्रातून आलेलं फुले समाधान, म्हणजे एनआयएडब्ल्यू १९९४, हे वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांसाठी शिफारस केलेलं आहे. तारीख नक्की नसेल तेव्हा मी हेच सुचवतो. वेळेवरच्या पेरणीला त्र्यंबक आणि तपोवन, तसंच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एमएसीएस ६२२२. उशिरासाठी एनआयएडब्ल्यू ३४, विदर्भात अकोल्याचं एकेएडब्ल्यू ४६२७. एखादंच पाणी असेल तर नेत्रावती. लोकवन अजून पुष्कळ घरांत आहे, कारण पोळी आवडते आणि दाणा ठसठशीत दिसतो. पण ते जुनं वाण आहे आणि तांबेऱ्याला बळी पडतं. लोकवन लावायचाच असेल तर घरापुरता लावा, सगळं रान त्यावर टाकू नका.

एकाच्या जागी दोन वाणं पेरा. निसवण्याच्या तारखा आठ दिवसांनी मागेपुढे झाल्या तरी उन्हाची एक लाट सगळं पीक एकदम गाठत नाही.

९. विहिरीला पाणी कमी आहे. किती पाळ्या, कधी द्यायच्या?

एकच पाणी असेल तर पेरणीनंतर ४०-४२ दिवसांनी, कांडी धरताना. दोन असतील तर पहिलं २०-२२ दिवसांनी मुकुटमुळं फुटताना, दुसरं ६०-६५ दिवसांनी फुलोऱ्यात. तीन असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५. चौथं मिळालं तर दाणे भरताना, ८० दिवसांच्या सुमारास.

२०२३ सारखी वर्षं डोळ्यांपुढे ठेवा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट होता. त्यानंतरच्या रब्बीत आमच्याकडे जानेवारीतच विहिरींना तळ दिसला. दिवाळीला विहिरीची पातळी मोजून मगच गव्हाचं क्षेत्र ठरवा. पीक बदलण्याबद्दल प्रश्न १९.

१०. पुढच्या आठवड्यात पारा चढणार असा अंदाज आहे आणि गहू चिकात आहे. आज काय करू?

हा फोन फेब्रुवारीत सगळ्यात जास्त येतो. करण्यासारखं थोडंच आहे, पण उपयोगाचं आहे.

पहिलं, हलकं पाणी. संध्याकाळी किंवा रात्री, वारा पडलेला असताना द्या. ओल्या रानात पिकाच्या आतलं तापमान दोन-तीन अंशांनी कमी राहतं. हात ओंब्यांमधून आत घातला तरी हा गारवा लागतो. तुषार सिंचन असेल तर भर दुपारी अर्धा तास चालवा. भरपूर पाट सोडू नका, मऊ रानात ओंब्यांच्या भाराने गहू आडवा होतो.

दुसरं, पालाशाची फवारणी. कर्नालच्या राष्ट्रीय गहू संस्थेचा सल्ला असा: २ टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५, एकरी २०० लिटर पाण्यात ४ किलो, पोटरीत (ओंबी बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात असते तेव्हा) आणि फुलोऱ्यात. किंवा ०.२ टक्के म्युरेट ऑफ पोटॅश, २०० लिटरला ४०० ग्रॅम. महाराष्ट्रात ५५ आणि ७० दिवसांनी १९:१९:१९ या विद्राव्य खताच्या २ टक्के फवारणीचीही शिफारस आहे. या फवारण्यांनी ऊन कमी होत नाही, पान काही दिवस जास्त हिरवं राहतं आणि तेवढे दिवस दाणा भरत राहतो. दाणा टणक झाल्यावर फवारू नका, पैसे वाया जातील.

अंदाजासाठी मेघदूत ॲप ठेवा. त्यात तालुक्यानुसार पाच दिवसांचा अंदाज आणि पीक सल्ला मिळतो.

११. भाऊ, आठ दिवस नुसतं ढगाळ आहे. पानांवर मावा चढलाय आणि तांबूस ठिपकेही दिसताहेत. दोन्ही एकच आहे का?

नाही. मावा ही कीड, तांबेरा ही बुरशी. दोघांनाही ढगाळ, दमट हवा मानवते, म्हणून ते एकत्र येतात.

तांबेरा ओळखायला पान दोन बोटांत धरून पुसा. बोटाला गंजासारखी भुकटी लागली तर तांबेरा. महाराष्ट्रात पानावरचा नारिंगी आणि खोडावरचा काळा तांबेरा महत्त्वाचा, पिवळा तांबेरा मुख्यतः उत्तरेच्या थंड भागातला. याचे बीजाणू दरवर्षी लांबून येतात. तांबेऱ्याचे अभ्यासक प्राध्यापक करमचंद मेहता यांनी दाखवून दिलं की उन्हाळ्यात मैदानात बुरशी टिकत नाही, ती डोंगरांत टिकते आणि वाऱ्याबरोबर खाली येते. आपल्याकडे काळा तांबेरा येतो तो निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून. नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे वारे आणि पाऊस त्याला मध्य भारतापर्यंत आणतात. म्हणून चक्रीवादळ तामिळनाडूवर आदळलं तरी नाशिकच्या शेतकऱ्याने पानं तपासायला हवीत. महाबळेश्वरला या रोगावर संशोधनासाठी वेगळं केंद्र आहे, ते यामुळेच.

ठिपके दिसताच प्रोपिकोनॅझोल लिटरला १ मिलि. माव्यासाठी आधी पानावर ढालकिडे, म्हणजे मावा खाणारे मित्रकिडे, पाहा. ते भरपूर असतील आणि ढग विरणार असतील तर दोन दिवस थांबा. फवारायचंच झालं तर गव्हासाठी लेबलवर शिफारस असलेलंच औषध घ्या.

१२. कडाक्याच्या थंडीने गहू खराब होतो का?

सहसा नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडचा पारा २ अंशांच्याही खाली उतरला. द्राक्षवाल्यांनी मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवल्या. बांधापलीकडे गहू मात्र खुशीत फुटवे काढत होता. एकाच शिवारात एकाची रात्र वैऱ्याची आणि दुसऱ्याची सोन्याची असते. अपवाद एकच: गहू फुलोऱ्यात असताना दवबिंदू गोठले तर पराग मरतो. तशा रात्री हलकं पाणी दिलेलं चांगलं.

१३. वाऱ्या-पावसाने गहू आडवा पडला. उभा करता येईल का?

बांधून उभा करायला जाऊ नका, तुटतो. पोटरीच्या आधी पडला असेल तर वरचा भाग आपोआप काही प्रमाणात वर येतो. चिकात पडला तर दाणा बारीक राहणार. पाणी बंद करा, चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. हुरड्याच्या पुढे गेला असेल तर नुकसान मुख्यतः काढणीत आहे. हार्वेस्टर पडलेल्या ओंब्या सोडून जातो, म्हणून पडलेला पट्टा मजूर लावून आधी कापा.

पुढच्या वर्षासाठी: युरियाचा दुसरा हप्ता वेळेवर द्या, वाढवून देऊ नका. जोराचा वारा असताना पाणी देऊ नका.

१४. काढणीला आलेला गहू अवकाळीत भिजला. विकावा, दळावा, की बियाण्याला ठेवावा?

एकदा भिजून लगेच ऊन पडलं तर दाण्याची चकाकी जाते आणि तो पांढुरका पडतो. खायला हरकत नाही, बाजारात भाव तुटतो. दोन-तीन दिवस ओला राहिला तर ओंबीतच कोंब येतात. अशा दाण्यातलं पिष्ट विरघळायला लागलेलं असतं, पीठ चिकट होतं, पोळी लाटताना पोळपाटाला धरते आणि भाजल्यावर गोडसर लागते. कोंब आलेला गहू बियाण्याला अजिबात ठेवू नका, त्याची उगवणशक्ती संपलेली असते. काळी बुरशी दिसली तर जनावरांनाही घालू नका.

कापणी झालेल्या पेंढ्यांवर ताडपत्री घाला, पण पाऊस थांबताच काढा. आतली वाफ पावसापेक्षा जास्त नासवते. साठवताना दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, ओलावा १२ टक्क्यांच्या आत.

१५. गारपीट झाली. विमा मिळेल का?

इथे नियम बदलले आहेत, म्हणून जुन्या आठवणीवर जाऊ नका. राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा होता, तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता रब्बीसाठी विमा रकमेच्या दीड टक्क्यापर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा. आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघालेल्या महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाच्या, सरासरी उत्पादनावर ठरते. म्हणजे गारपीट फक्त तुमच्या दहा-वीस शेतांवर झाली आणि बाकीचं मंडळ वाचलं, तर विम्यातून काही मिळणं अवघड. ही त्रुटी मला फार मोठी वाटते. गारा मंडळाची हद्द पाहून पडत नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन आठवडे गारपीट चालली, तेव्हा एका गावाचा अर्धा शिवार झोपलेला आणि अर्धा उभा अशी दृश्यं मी स्वतः पाहिली आहेत.

नुकसानीची तक्रार ७२ तासांत नोंदवायची जुनी अटही सुखाची नव्हती. आमच्या चुलत्यांचा गहू गारांनी गेला तेव्हा गावात वीज नव्हती, फोन बंद होते. चौथ्या दिवशी तक्रार नोंदली गेली आणि विमा कंपनीने दावा नाकारला.

दुसरा मार्ग सरकारी मदतीचा. ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर पंचनाम्यावर मदत मिळते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत बागायतीला हेक्टरी १७,००० आणि जिरायतीला ८,५०० रुपये, २ हेक्टरपर्यंत. त्यासाठी पिकाची नोंद ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर करायच्या पीक नोंदीत, झालेली असली पाहिजे. पेरणीनंतर महिन्याभरात ती करून टाका. गारा पडल्या त्याच दिवशी शेतात उभं राहून फोटो काढा आणि तलाठी, कृषी सहायक दोघांना लेखी कळवा.

१६. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर पिकाला फायदाच होतो, असं वाचलं. खरं आहे का?

अर्धं खरं. गव्हासारख्या पिकाला जास्त कार्बन डायऑक्साइड मिळाला तर ते जास्त पिष्ट तयार करतं आणि पाणीही थोडं कमी लागतं. पण वाढलेल्या उन्हापुढे हा फायदा टिकत नाही. शिवाय दाण्याचा कस उतरतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, या शतकाच्या मध्यापर्यंत अपेक्षित असलेल्या हवेत वाढवलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्क्यांनी, लोह ५ टक्क्यांनी आणि प्रथिनं ६ टक्क्यांनी कमी भरली. ज्या घरात दोन्ही वेळा पोळीच मुख्य अन्न आहे, तिथे ही घट साधी नाही.

१७. खपली गहू हवामान बदलाला तोंड देईल का?

काही प्रमाणात. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात खपली पूर्वीपासून आहे. ती तांबेऱ्याला चांगली तोंड देते, आणि दाण्यावर टरफल असल्यामुळे साठवणीत कीड कमी लागते. एमएसीएस २९७१ आणि डीडीके १०२९ ही बुटकी सुधारित वाणं आहेत. पण खपलीला पाणी आणि थंडी दोन्ही लागतातच, शिवाय टरफल काढायला वेगळं यंत्र लागतं. भाव चांगला मिळतो म्हणून जरूर घ्या, "उन्हाला काही होत नाही" या जाहिरातीवर विसंबून नको.

१८. मी पुण्यात राहते, शेती नाही. यंदाच्या गव्हाची पोळी वेगळी का होते आणि कोंडा एवढा का निघतो?

ताई, दाणा आक्रसला की आतलं पिष्ट कमी आणि साल तेवढीच राहते, म्हणून चाळणीत कोंडा जास्त. प्रथिनांचं प्रमाण टक्केवारीत वाढलेलं असतं, त्यामुळे कणीक जास्त पाणी मागते आणि जरा ताठ होते. थोडं जास्त पाणी घालून अर्धा तास झाकून ठेवा. पोळी पोळपाटाला चिकटत असेल तर कारण वेगळं आहे, प्रश्न १४ पाहा. वर्षाचा गहू भरताना मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून बघा: सुरकुतलेले किती, टपोरे किती. थोडा बारीक दाणा असला म्हणून शेतकऱ्याला परत पाठवू नका, त्या वर्षी त्याची आधीच एकरी दोन-तीन पोती कमी झालेली असतात.

१९. एवढं सगळं असेल तर गहू सोडून हरभरा किंवा ज्वारी घ्यावी का?

पुष्कळ ठिकाणी हो. गव्हाला चार ते सहा पाळ्या लागतात, हरभऱ्याचं एक-दोन पाण्यात भागतं, आणि भारी जमिनीत रब्बी ज्वारी ओलीवरच येते. पाण्याच्या चार पाळ्यांची खात्री असेल आणि १५ नोव्हेंबरच्या आसपास पेरणी होत असेल तर गहू घ्या. दोनच पाळ्या असतील तर निम्मं रान हरभऱ्याला द्या. १५ डिसेंबर उलटला असेल तर गव्हाचं बी पुढच्या वर्षासाठी ठेवा.

घरच्या खाण्यापुरता गहू मात्र कोणी सोडत नाही, आमची आईही सोडू देत नाही. त्या वीस-पंचवीस गुंठ्यांना विहिरीजवळचं, पाणी लवकर पोहोचणारं रान द्या आणि शिवारात सगळ्यात आधी तोच पेरा.